तांड्यातला मूर

खेळात एक हेर पाहिजे होता, आणि हेर म्हटला की तो कोणाचा तरी असावा लागतो. पुंजाजी पाईकराव गुरुजींच्या तकलिफीला इथून सुरुवात झाली.

खेळ त्यांच्या स्वतःच्या डोक्यातला. वाकळीच्या शाळेत चौथीला इतिहास सुरू झाला की अर्धा वर्ग पेंगतो, हे अठरा वर्षं पाहून झाल्यावर गुरुजींनी ठरवलं की इतिहास पुस्तकातून काढायचा आणि जमिनीवर अंथरायचा. चार हात मेणकापड, त्यावर रंगाने काढलेला किल्ला, किल्ल्याभोवती वेढा, बाहेर रान, नदी, घाट, आणि कवड्यांच्या दानाप्रमाणे घरं मोजत सरकणाऱ्या सोंगट्या. एकाने किल्लेदार व्हायचं, दुसऱ्याने वेढा घालणारा सरदार. तिसऱ्याने हेर; तो किल्ल्यातल्या चोरवाटांचा नकाशा घेऊन निसटतो. तो सरदाराच्या छावणीत पोचायच्या आत किल्लेदाराने त्याला धरायचं. धरला तर किल्ला वाचला, नाहीतर गेला.

त्यातच जिल्ह्याचं परिपत्रक आलं. परभणीला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन भरणार होतं. ज्याचा पहिला नंबर येईल त्याचं साहित्य जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांत जाणार, आणि त्यावर करणाऱ्या शिक्षकाचं नाव असणार. गुरुजींनी ते परिपत्रक शाळेत वाचलं, घरी नेऊन वाचलं, आणि बायकोला, सोजराबाईंना, समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. अठरा वर्षांत त्यांचं नाव हजेरीपत्रकाबाहेर कुठे लिहिलं गेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसांच्या याद्या त्यांनी महिनोन् महिने लिहिल्या, आणि खाली सही दुसऱ्याची झाली. तेव्हा हा पहिला नंबर त्यांना पाहिजे होता, आणि तो पाहिजे असण्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. आम्हालाही वाटत नाही.

तर हेर. रविवारी शाळेच्या ओसरीवर चार मंडळी जमत. हरिचंद पोस्टमन तर घरी असल्यासारखा येऊन बसे. तो म्हणाला, त्यात काय विचार करायचा, हेर मोगलांचा करा. गुरुजींनी लिहूनही घेतलं. पण मेणकापड ज्यांच्या दुकानातून आलं ते रहीमचाचा पानाला चुना लावता लावता शांतपणे म्हणाले, "गुरुजी, हर खेल में चोर हमारा ही आदमी काहे को?" प्रश्न बराबर होता. गुरुजींनी मोगल खोडला.

मग निजामाचा करावा असं ठरलं. निजामाचं नाव निघताच दोन म्हाताऱ्यांनी रझाकारांच्या वेळच्या गोष्टी काढल्या, एकाने दंडावरचा वण दाखवला, दुसऱ्याने तो वण बैलाच्या शिंगाचा आहे असं जाहीर केलं, आणि त्या दिवशी खेळ बाजूलाच राहिला. पोलीस पाटलांनी निरोप धाडला की मराठा फितूर झालेला दाखवला तर आपल्याला चालणार नाही. हे सगळं ऐकून एक गृहस्थ सहज बोलून गेले, "मग तुमच्यातलाच दाखवा ना गुरुजी, म्हणजे कोणी काही म्हणणार नाही." हे गृहस्थ मनाने वाईट नव्हते. गुरुजींनी मात्र त्या दिवशी चहा अर्धा ठेवला आणि घरी जाऊन सोजराबाईंना विचारलं की आपल्या तोंडावर फितुरासारखं काही दिसतं काय. सोजराबाई म्हणाल्या की तोंडावर चहाचा थेंब दिसतो.

शेवटी गुरुजी शाळेच्या कपाटाला शरण गेले. कपाटात जगाच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ होता. वाळवीने त्यातले ग्रीस आणि रोम साफ केले होते आणि ती स्पेनच्या हद्दीवर येऊन थांबली होती. तिथे गुरुजींना मूर भेटले. मोरोक्कोकडचे लोक, समुद्र ओलांडून स्पेनात गेले, शेकडो वर्षं तिथे राज्य केलं, ताऱ्यांवरून दिशा ओळखत, नकाशे काढत, कालवे खणत. पुढची पानं नव्हती, त्यामुळे मुरांचं शेवटी काय झालं ते गुरुजींना कधीच कळलं नाही, आणि तसं ते हेराच्या दृष्टीने सोयीचंच होतं.

झालं. पोर्तुगिजांच्या गलबतावर वल्हं मारायला बांधून आणलेला, गोव्याला साखळी तोडून पळालेला, नकाशे वाचण्यात तरबेज असा इद्रिस मूर गुरुजींनी जन्माला घातला. त्याने पोटासाठी सरदाराची हेरगिरी पत्करलेली. वाकळीपासून पाचशे कोसांत मूर नव्हता. कोणाच्या भावना दुखवायच्या म्हटलं तरी भावना आणायच्या कुठून? गुरुजींना इतकं हलकं वाटलं की त्यांनी त्या दिवशी पाचचा पाढा चुकलेल्याला सुद्धा काही म्हटलं नाही.

मूर सोजराबाईंनी शिवला. जुन्या लुगड्याच्या निळ्या काठाचा अंगरखा, पांढरं मुंडासं, आत सरकी काढलेला कापूस. काळ्या दोऱ्याने डोळे काढताना एक जरा मोठा झाला. गुरुजींनी तो उसवायला सांगितला, तेव्हा बाई म्हणाल्या की हेराला एक डोळा मोठाच पाहिजे, नाहीतर तो हेरणार कशाने. डोळा तसाच राहिला.

आता वाकळीच्या शिवेवर बंजाऱ्यांचा तांडा आहे, आणि तांड्यात धनसिंग. पन्नाशीचा, अंगाने काटक, कापूस आणि तूर करणारा, बोलायला कमी. एका रविवारी तो ओसरीच्या खांबाला टेकून तासभर खेळ पाहत उभा राहिला, आणि सगळे उठायच्या बेतात असताना त्याने विचारलं, "हे समदं बराबर हाय गुरुजी. पन ही फौज खाऊन काय राहिली?"

गुरुजींनी मेणकापडावर नजर फिरवली. किल्ल्यात पाचशे माणूस, वेढ्यात पाच हजार, आणि खेळात दाणा नाही. अठरा वर्षं लढाया शिकवल्या, पण फौज जेवते हे एकाही धड्यात नव्हतं. मग धनसिंगने खाली बसून सांगितलं. त्याच्या आज्याच्या आज्याच्या वेळी बैलांचे तांडे गोण्या लादून मुलूखभर फिरायचे. दोन राजे भांडत असले तर तांडा दोघांनाही धान्य घालायचा, आणि दोघेही त्याला वाट द्यायचे. गोणीला हात लावायचा नाही, बैल अडवायचा नाही. कारण आज तांडा लुटला तर उद्या दाणा कोण आणणार?

गुरुजींना हे फार पटलं. त्यांनी मेणकापडावर रानातून जाणारी तांड्याची वाट काढली, चौथ्या गड्याला तांड्याचा नाईक केलं, आणि नियमांच्या वहीत चौदावा नियम वळणदार अक्षरात लिहिला: 'तांडा दोन्ही बाजूंस धान्य पुरवितो. सबब तांड्याची झडती कोणीही घेऊ नये.' बैल धनसिंगच्या घरून आले. त्याच्या बायकोने, भिकाबाईने, बोटाएवढे बारा बैल शिवले होते, प्रत्येकाच्या पाठीवर आरशाचा तुकडा आणि गळ्यात एकेक कवडी. खेळाला असा रंग आला की गुरुजींना पहिला नंबर डोळ्यांपुढे दिसायला लागला.

पहिला पुरा डाव मांडला तो त्याच्या पुढच्या रविवारी. किल्लेदार गुरुजी, सरदार हरिचंद, मूर रहीमचाचा, नाईक धनसिंग. रहीमचाचांचा मूर नकाशा घेऊन निसटला, गुरुजींचे शिपाई मागे लागले, दोन घरं उरली, आणि कवड्या अशा पडल्या की मूर नेमका तांड्याच्या घरात जाऊन बसला.

"आसरा मागता का?" धनसिंगने विचारलं.

"माँगता," रहीमचाचा म्हणाले.

"मंग बसा."

आणि तो बसला. एक रविवार बसला, दुसरा बसला, तिसरा बसला. बाहेर पडला की धरला जाणार हे रहीमचाचांना दिसत होतं, त्यामुळे ते आपली पाळी आली की कवड्या न उचलता पान लावत. गुरुजींचे शिपाई तांड्याभोवती उभे. आत जायचं तर चौदावा नियम आडवा, आणि नियम तर स्वतःच्या हातचा. आपल्याच दारात आपल्यालाच कुलूप, अशी गत झाली. गुरुजी धनसिंगला म्हणाले की बाबा, नियमात झडती नाही, पण तू स्वतः होऊन त्याला बाहेर काढ, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला.

धनसिंगला हे बोलणं आवडलं नाही. "त्यानं तांड्याचं पानी पेलं, गुरुजी. आता त्याला काढून देऊ म्हणता?"

"अरे, तो कापडाचा आहे."

"तांडाबी कापडाचाच हाय की," धनसिंग म्हणाला. गुरुजींनी वही काढून चौदावा नियम पुन्हा वाचला.

गावाने हे प्रकरण डोक्यावर घेतलं. ज्यांच्यासाठी खेळ केला ती चौथीची पोरं केव्हाच ओसरीवरून हुसकली गेली होती. त्यांच्या जागी त्यांचे बाप बसत. पाणी भरायला जाणाऱ्या बाया थांबून विचारत, मूर निघाला का हो? कोणी सुचवलं, तांड्याला वेढा घाला. कोणी म्हणालं, मुराला किल्लेदाराने नोकरी द्यावी, शिकलेला माणूस आहे. एक म्हातारी रोज सांगून जाई की त्याला उपाशी ठेवू नका. किल्ला आपण राखतो आहोत, पाच हजारांच्या वेढ्यात आपण अडकलो आहोत, आणि गावाला काळजी कोणाची तर फितुराची, या विचाराने गुरुजी धुमसत. किल्लेदार जेवला का, असं एका माणसाने विचारलं नाही.

प्रदर्शनाचा अर्ज तीन प्रतींत भरायचा होता. तो तपासायला विस्तार अधिकारी देवणीकर साहेब जीपमधून आले. त्यांनी ओसरीवर उभ्यानेच खेळ पाहिला आणि तीन हरकती काढल्या. हा किल्ला कोणत्या पुस्तकात आहे? गुरुजी म्हणाले, खरा किल्ला घेतला असता तर हार कोणाची दाखवायची यावरून गावात हाणामारी झाली असती. दुसरी, मूर अभ्यासक्रमात आहे काय? गुरुजींनी वाळवीचा ग्रंथ दाखवला. साहेबांनी तो दोन बोटांनी उघडला आणि शिंकले. तिसरी हरकत मोठी होती. खेळात ज्या ज्या समाजाचं पात्र आहे त्या समाजाच्या प्रतिनिधीचं 'ना हरकत' पत्र अर्जाला जोडलं पाहिजे.

तांड्याचं पत्र धनसिंगने अंगठा उठवून दिलं. मुराचं कोण देणार? गुरुजी रहीमचाचांकडे गेले. चाचा म्हणाले, आपण हिंगोलीच्या पलीकडे कधी गेलो नाही, मोरोक्कोच्या माणसाच्या वतीने सही कशी करायची? उद्या खरंच एखादा मूर दुकानात आला आणि त्याने विचारलं, तर? शेवटी हरिचंदने मजकूर सांगितला आणि पोलीस पाटलांनी शिक्का मारला: 'मौजे वाकळी हद्दीत मूर समाजाचा एकही इसम वास्तव्यास नाही, सबब हरकत घेणारा कोणी आढळून आला नाही.' देवणीकर साहेबांना हे पत्र पसंत पडलं. अर्जाच्या माथ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने 'मार्गदर्शन: श्री. देवणीकर' असं ठळक लिहिलं, आणि गुरुजींचं नाव त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, जरा तिरपं बसवलं. गुरुजींनी ते पाहिलं आणि दाताखाली खडा आल्यासारखं तोंड केलं. जीप गेल्यावर ते बराच वेळ एकटेच बोलत होते.

परभणीला तिघे गेले: गुरुजी, हरिचंद आणि धनसिंग. रहीमचाचांचा बाजाराचा दिवस होता. जवळा बाजारला एसटी धरली, आणि मेणकापडाची गुंडाळी कोणाच्या मांडीवर ठेवायची यावरून कंडक्टरशी झालेला तंटा धरला तर प्रवास सुखाचा झाला.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. यांच्या डाव्या हाताला मातीचा सह्याद्री, उजव्या हाताला काड्यापेट्यांचा ज्वालामुखी. ज्वालामुखीचे गुरुजी सकाळपासून तो पेटवत होते आणि तो पेटत नव्हता. परीक्षक पद्माबाई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, जाड चष्म्याच्या, आणि त्यांच्या पुढे मोठे मोठे मास्तर हात मागे बांधून उभे राहत. त्या यांच्या मेणकापडापाशी आल्या, नियमांची वही सगळी वाचली, एक गडी कमी आहे असं पाहिलं, आणि पदर खोचून खाली बसल्या. म्हणाल्या, मी मूर होते.

गुरुजींना आपलं नशीब फळफळल्यासारखं वाटलं. बाईंचं दान चांगलं पडत होतं. नकाशा घेऊन त्या किल्ल्याबाहेर पडल्या, घाट उतरल्या, आणि शिपाई मागे लागलेले पाहून सरळ तांड्याच्या घरात शिरल्या. धनसिंगने आसरा मागता का म्हणून विचारलं. बाईंनी मागितला. मग वही पुन्हा उघडून त्यांनी चौदावा नियम वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "पाईकराव, हा नियम तुम्ही केला?"

"होय बाई."

"छान आहे. मी इथून हलत नाही." आणि त्या मनापासून हसल्या. भोवती पंधरा-वीस माणसं जमली होती, तीही हसली. प्रमाणपत्रावरचं स्वतःचं नाव गुरुजींना अगदी जवळ आल्यासारखं वाटलं.

पण देवणीकर साहेब हसले नाहीत. प्रत्येक साहित्याला वीस मिनिटं होती आणि पंचवीस झाली होती. चहाची सुट्टी होताच त्यांनी गुरुजींना बाजूला घेतलं. हेर पकडला गेला नाही तर मुलांनी काय बोध घ्यायचा? सुट्टीनंतर नियम बदला, शिपाई आत घाला, खेळ संपवा. गुरुजी म्हणाले, विचार करतो. खरं सांगायचं तर ते खरोखर विचार करत होते. तीन रविवार त्यांच्याही मनात तेच होतं. चहाची रांग लांब होती. गुरुजी आणि हरिचंद तीत उभे राहिले. धनसिंगला चहा नको होता, तो खेळापाशी थांबला.

परत आले तेव्हा तांड्याचे बारा बैल जागेवर होते. मूर नव्हता.

मेणकापड उचलून झटकलं. सतरंजी झटकली. ज्वालामुखीच्या आत पाहिलं. हरिचंदने शर्टाचं बटण तोडून मुराच्या जागी ठेवलं, पण अर्जात स्वच्छ लिहिलं होतं, 'कापडी मूर, नग एक.' पद्माबाई म्हणाल्या की साहित्य अर्जाबरहुकूम पूर्ण नसेल तर आपल्याला नंबर देता येत नाही, मग ते कितीही चांगलं असो. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण नियमाला त्याही बांधलेल्या होत्या.

देवणीकर साहेबांची नजर फिरत फिरत धनसिंगच्या गाठोड्यावर थांबली. भाकरी बांधून आणलेलं साधं मांजरपाटाचं गाठोडं होतं ते. "ए नाईक," साहेब म्हणाले, "सोड ते."

धनसिंग जागचा हलला नाही. त्याने गाठोड्यावर हातही ठेवला नाही. तो फक्त गुरुजींकडे पाहत राहिला.

आता गुरुजींच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. एक, गाठोडं सोडलं तर दोन मिनिटांत प्रश्न मिटतो आणि पहिला नंबर आपला. दुसरी गोष्ट शब्दांत आली नाही. फक्त शाळेच्या ओसरीवर त्या दिवशी अर्धी ठेवलेली चहाची कपबशी दिसली.

"साहेब," ते म्हणाले, "माझी पिशवी इथं पडलेली आहे. ती उघड म्हणालात का? हरिचंदची पोस्टाची थैली आहे. ज्वालामुखीवाल्यांची पेटी आहे. तुमची बॅग आहे. ह्याचंच गाठोडं काहून?"

साहेब म्हणाले, उगाच भलता अर्थ काढू नका, तो एकटाच इथे थांबला होता.

"एकटा थांबला कारण मी त्याच्या भरवशावर खेळ सोडून गेलो. हा माणूस माझ्याबरोबर आलाय. त्याचं गाठोडं तुम्ही सोडणार नाही, मी सोडणार नाही, आणि बाई, माफ करा, तुम्हीही नाही. नियम लिहिलेला आहे."

"तो खेळातला नियम आहे, पाईकराव," देवणीकर म्हणाले.

"मग बाहेर तो कोणी लिहायचा?"

देवणीकर साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, मूर ह्याच्याकडे नाही अशी तुम्हाला खात्री आहे? गुरुजींनी मान ताठ केली. "माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीची शपथ. मूर त्याच्याकडे नाही."

पद्माबाईंनी वहीत 'साहित्य अपूर्ण, बाद' असं लिहिलं आणि त्या पुढे गेल्या. पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. तो शेवटपर्यंत पेटला नाही. पण अर्जातल्या सगळ्या काड्यापेट्या मोजून भरल्या.

परतीच्या एसटीत हरिचंदला लगेच झोप लागली. गुरुजी खिडकीपाशी बसून मनातल्या मनात शिक्षण खात्याला एक पत्र लिहीत होते, आणि ते पत्र आठव्या परिच्छेदावर आलं होतं. शेजारी धनसिंगने गाठोडं मांडीवर घेतलं, गाठ सोडली, वरच्या दोन भाकरी उचलल्या. खाली, ठेच्याच्या पुडीला टेकून, इद्रिस मूर पहुडला होता. मोठा डोळा गुरुजींवर रोखलेला.

अठरा वर्षांची नोकरी, शपथ, पहिला नंबर, सगळं त्या ठेच्याच्या वासात गुरुजींच्या पुढे येऊन उभं राहिलं. ते म्हणाले, "काहून केलंस असं?"

"तुमी चहाला गेलात," धनसिंग म्हणाला. "त्यो साहेब आला. हिकडं तिकडं पाह्यलं, अन् मुराला दोन बोटांनी उचलून तांड्याच्या बाहीर ठिवाय लागला. तुमच्या शिपायाच्या म्होरं. म्या म्हणलो, साहेब, त्यो आमच्याकडं हाय. त्यानं ऐकलं न्हाई. कोनीतरी हाक मारली म्हणून मुराला तिथंच टाकून गेला. मंग म्या घेतला उचलून."

"मग मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमाला खोटं बोलावं लागलं असतं. तुमाला जमलं नसतं."

"अरे, बोललो ना खोटं! शपथ घेतली शपथ!"

"ते खोटं न्हाई, गुरुजी. तुमाला ठाव नव्हतं." धनसिंगने अर्धी भाकरी मोडून पुढे केली. गुरुजींनी ती घेतली नाही. जवळा बाजारच्या अलीकडे भूक फार लागली तेव्हा घेतली, पण त्याच्याकडे न पाहता खाल्ली. मूर परत दे म्हणाले, तर धनसिंग म्हणाला की रहीमचाचा आपणहून निघतो म्हणतील तेव्हा देऊ.

वाकळीला पोचले तेव्हा दिवस कलला होता. सोजराबाई भाकरी थापत होत्या. गुरुजींनी टोपी खुंटीला लावली आणि पाण्याचा घोटही न घेता बोलायला सुरुवात केली. देवणीकर, बटण, नग एक, न पेटलेला ज्वालामुखी, आणि शेवटी धनसिंग, ज्याच्यासाठी आपण जगापुढे छाती काढून उभे राहिलो आणि ज्याने आपल्याला सरकारी नोकरीची खोटी शपथ घ्यायला लावली. नंबर गेला, जिल्ह्यातल्या शाळा गेल्या, नाव गेलं. हेराने घात केला नाही तो एका नाईकाने केला, आणि वर भाकरी खायला दिली.

सोजराबाईंनी सगळं ऐकून घेतलं. तव्यावरची भाकरी उलटली आणि एकच विचारलं.

"गाठोडं सोडाय लावलं का त्याला, लोकांम्होरं?"

"माझ्यादेखत?" गुरुजी म्हणाले. "न्हाई."

"मंग नाव कुठं गेलं? उठा, हात धुवा. निवून राहिली भाकर."

गुरुजींनी हात धुतले, पाटावर बसले, आणि त्या दिवशी नुसत्या रागाने चार भाकरी खाल्ल्या.